शेजाऱ्यांचा लॉन बोल्सचा सामना आणि सोबत वाटून खाणे: आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नच्या एका उपनगरात तुमच्या रस्त्यावरची अकरा घरे मिळून मार्चमधल्या एका रविवारी जवळच्या बोलिंग क्लबात लॉन बोल्सचा मैत्रीपूर्ण सामना खेळणार आहेत, प्रत्येक घर वाटून खाण्यासाठी काही ना काही पदार्थ आणणार आहे, आणि सगळी आखणी तुमच्याकडे आली आहे. माणसे अठ्ठावीस, वये सात ते ब्याऐंशी. ग्रीक, इटालियन, व्हिएतनामी, श्रीलंकन, इथेच जन्मलेली आणि तुम्ही मराठी. नियमित खेळणारे फक्त एक वयस्कर जोडपे, बाकीच्यांनी चेंडू हातातही धरलेला नाही. संघ कसे पाडावेत, सामना किती वेळाचा ठेवावा, आणि आपल्या शाकाहारी, मसालेदार पदार्थांचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

मी इथल्या एका क्लबाचा सभासद आहे. नवख्यांना शिकवणे आणि अशा सामाजिक सामन्यांची आखणी करणे ही कामे मी बरीच वर्षे आवडीने करतो. त्या अनुभवावरून सांगतो की तुमची अडचण नियमांची नाही आणि जेवणाचीही नाही, ती थांबण्याच्या वेळेची आहे. लॉन बोल्समध्ये तीन-तीन जणांचे दोन संघ समोरासमोर असले आणि प्रत्येकाला दोन चेंडू मिळाले, तर एका फेरीत बारा चेंडू टाकले जातात. नवख्या मंडळींना अशा एका फेरीला, म्हणजे एका एंडला, दहा ते बारा मिनिटे लागतात, आणि त्यातले स्वतःचे चेंडू टाकण्यात प्रत्येकाचे जेमतेम एक मिनिट जाते. उरलेला सगळा वेळ तो उभा असतो. स्पर्धेतला खेळाडू हा वेळ समोरची मांडणी वाचण्यात घालवतो. शेजाऱ्यांच्या सामन्यात मात्र हाच वेळ खरा सामना असतो, कारण ज्याच्याशी आजवर फक्त कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना हात हलवून नमस्कार झाला, त्याच्या शेजारी माणूस निवांत उभा असतो. म्हणून संघ पाडताना, वेळ ठरवताना आणि खाणे मांडताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न मनात ठेवा: या निर्णयामुळे कोण कोणाजवळ उभे राहील?

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या क्लबाला आधीच विचारून घेतल्या पाहिजेत. हिरवळ खऱ्या गवताची आहे की कृत्रिम, हा पहिला प्रश्न. ऑस्ट्रेलियातल्या कितीतरी हिरवळी काउच गवताच्या असतात, म्हणजे आपल्या हरळीच्याच कुळातल्या, आणि ओली असताना तिच्यावर पाऊल टाकू द्यायचे की नाही हे तिची निगा राखणारा माणूस ठरवतो. त्याचा शब्द अंतिम मानावा. दुसरा प्रश्न बाहेरचे अन्न आणू देतात का. काही क्लब आनंदाने परवानगी देतात, तर ज्यांचे स्वतःचे स्वयंपाकघर चालते ते बहुधा देत नाहीत. मद्याबाबत विचारण्याची फारशी गरज नाही: क्लबाकडे मद्यविक्रीचा परवाना असेल तर घरून बाटल्या आणायच्या नसतात, पेये तिथेच विकत घ्यायची असतात. तिसरा प्रश्न चेंडू भाड्यात येतात का, त्यात मुलांच्या हाताला बसणारे लहान आकार आहेत का, आणि शिकवायला एखादा स्वयंसेवक मिळेल का. हे सगळे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा, कारण असे क्लब स्वयंसेवकांच्या बळावर चालतात, आणि फोनवर बोललेली व्यक्ती रविवारी हजर असेलच असे नाही. वार रविवार निवडला हे उत्तम झाले. ऑक्टोबर ते मार्च या हंगामात शनिवारची दुपार बहुतेक ठिकाणी आंतरक्लब सामन्यांनी भरलेली असते.

आता खेळ. सगळ्यांना तो वीस मिनिटांत शिकवता येतो, पण सांगायचे काय आणि गाळायचे काय हे आधी ठरवले पाहिजे. लहानपणी गोट्या खेळलेल्या माणसाला मूळ कल्पना लगेच कळते: लांबवर एक छोटा पांढरा किंवा पिवळा चेंडू आहे, त्याला जॅक म्हणतात, आणि आपला मोठा चेंडू त्याच्या शक्य तितक्या जवळ नेऊन थांबवायचा आहे. सगळे चेंडू टाकून झाले की ज्या संघाचा चेंडू जॅकच्या सर्वांत जवळ, त्याच संघाला गुण. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या चेंडूपेक्षाही आत आपले जितके चेंडू असतील, तितके गुण. एवढे सांगितले की खेळ सुरू करता येतो.

अवघड भाग चेंडूच्या वळण्याचा आहे. हा चेंडू पूर्ण गोल नसतो, त्याची एक बाजू किंचित वेगळी घडवलेली असते, त्यामुळे तो सरळ न जाता वळत जातो, आणि वेग जसा कमी होतो तसे वळण वाढत जाते. आत वजन भरलेले असते असा पुष्कळांचा समज आहे, तो बरोबर नाही. आजच्या चेंडूंत वळण केवळ आकारामुळे येते. चेंडूच्या दोन्ही बाजूंना खुणा असतात, एक लहान वर्तुळाची आणि एक मोठ्या. लहान खूण ज्या बाजूला, त्या बाजूला चेंडू वळतो. म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याने जॅकच्या उजवीकडे नेम धरला, तर लहान खूण डावीकडे, म्हणजे आतल्या बाजूला हवी. ती चुकून उलट धरली गेली तर चेंडू शेजारच्या रिंकवर, म्हणजे हिरवळीवरच्या शेजारच्या खेळपट्टीवर, निघून जातो. पहिल्या दिवशी हे जवळपास प्रत्येकाकडून होते, म्हणून मी मंडळींना आधीच सांगून ठेवतो की असे होणार आहे आणि त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही.

शिकवताना सुरुवातीला जॅक ठेवूच नका. समोर लक्ष्य दिसले की नवखा माणूस थेट त्याच्याकडे चेंडू टाकतो, आणि वळणामुळे तो लांब भरकटतो. मोकळ्या हिरवळीवर प्रत्येकाला तीन-चार चेंडू नुसते घरंगळू द्या, तो किती वळतो आणि कुठे थांबतो हे बघू द्या, आणि मग जॅक ठेवा. चेंडू हातातून वरून पडू नये, खाली वाकून जमिनीलगत सोडावा. आपटलेल्या चेंडूने हिरवळीला खड्डा पडतो आणि क्लबाची मंडळी त्याने खरोखर दुखावतात. चेंडूचा आकार निवडण्याची सोपी पद्धत अशी: दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि मधल्या बोटांनी चेंडूला त्याच्या धावत्या कडेवरून वेढा द्यावा, आणि बोटांची टोके सहज भेटली तर तो आकार हाताला चालतो. शंका असेल तर लहान आकार घ्या. मोठा चेंडू दीड किलोच्या आसपास भरतो आणि दमलेल्या मनगटातून निसटतो.

हिरवळीचा वेग इथे सेकंदांत मोजतात: चेंडूला सुमारे २७ मीटरवर जाऊन थांबायला किती वेळ लागतो, तो तिचा वेग. आकडा जितका मोठा तितकी हिरवळ वेगवान, कारण वेगवान हिरवळीवर चेंडू अगदी हलक्या हाताने सोडावा लागतो आणि तो रुंद कमान घेत सावकाश पोहोचतो. इंग्लंडमधल्या हिरवळी बहुधा १० ते १२ सेकंदांच्या असतात, इथल्या बऱ्याचदा १४ सेकंदांच्या पुढच्या. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच, की कोरड्या, वेगवान हिरवळीवर पहिले काही चेंडू पलीकडच्या चरात जाऊन पडतील, आणि मंद हिरवळीवर अर्ध्यात थांबतील. दोन्हींपैकी जॅकच्या थोडे पुढे गेलेले चेंडू जास्त उपयोगी ठरतात, कारण खेळता खेळता जॅकला धक्का बसतो तेव्हा तो बहुतेक मागे सरकतो, आणि आधी फुकट गेलेला वाटणारा चेंडू अचानक सर्वांत जवळचा होतो. नवख्यांना हे आवर्जून सांगा. त्यामुळे चेंडू लांब जाण्याची भीती जाते आणि खेळात रंगत राहते.

संघ पाडण्यात मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा. अठ्ठावीसपैकी चार मुले अगदी लहान असतील असे धरले तर चोवीस खेळाडू उरतात, म्हणजे तिघांचे आठ संघ आणि चार रिंक. निव्वळ चिठ्ठ्या टाकू नका. आधी तीन गट करा: एक, ज्यांना कुठल्याही खेळाचा थोडा सराव आहे असे; दोन, धडधाकट पण नवखे; तीन, वयस्कर, दहा-बारा वर्षांची मुले आणि संकोची माणसे. प्रत्येक संघात प्रत्येक गटातला एक जण चिठ्ठीने घ्या. एका घरातली दोन माणसे एका संघात नकोत, कारण ती आपसातच बोलत राहतात. या नियमाला मी एकच अपवाद करतो: ज्या आजी-आजोबांना इंग्रजी बोलणे जड जाते, त्यांच्या संघात त्यांची भाषा जाणणारे घरचे कुणी, शक्यतो नातवंड, जरूर द्यावे. तुमच्या व्हिएतनामी शेजाऱ्यांच्या आजींना तीन तास नुसते हसून काढावे लागले, तर आखणी कितीही सुंदर असली तरी ती त्यांच्यापुरती फसली असे मी म्हणेन.

नियमित खेळणारे ते जोडपे दोन वेगवेगळ्या संघांत, शक्यतो वेगळ्या रिंकवर हवे. आणि इथे मी रूढ पद्धतीपेक्षा वेगळा सल्ला देतो. संघात जागा ठरलेल्या असतात. चौघांच्या खेळात लीड प्रथम मॅट, म्हणजे जिच्यावर उभे राहून चेंडू टाकायचा ती छोटी चटई, मांडते, जॅक घरंगळवते आणि पहिले चेंडू टाकते. मग सेकंड, मग थर्ड, आणि स्किप शेवटी. आपल्या आधीच्या तिघांचे चेंडू पडेपर्यंत स्किप पलीकडच्या टोकाला जॅकजवळ उभी राहून हाताने दिशा दाखवते. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून या खेळातले भारताचे पहिले सुवर्णपदक मिळवले, तेव्हा लव्हली चौबे लीड होत्या, पिंकी सेकंड, नयनमोनी सैकिया थर्ड आणि रूपा राणी तिर्की स्किप. तिघांच्या संघात थर्ड नसते, लीड, सेकंड आणि स्किप एवढीच असतात. (त्या सुवर्णपदकाची हकीकत तुमच्या शेजाऱ्यांना नक्की सांगा, क्रिकेटखेरीज भारताविषयी बोलायला इथे एक छान विषय मिळतो.) स्पर्धेत सर्वांत अनुभवी खेळाडू स्किप असतो, आणि ते योग्यच आहे. पण नवख्यांच्या सामन्यात तो स्किप झाला, तर तो तीस मीटरवर एकटा उभा राहतो आणि मॅटपाशी गोंधळलेल्या माणसाला लहान खूण कोणत्या बाजूला धरायची हे सांगायला जवळ कुणी उरत नाही. म्हणून मी अनुभवी माणसाला सेकंड ठेवतो. तो मॅटपाशी थांबतो, प्रत्येकाचा हात बघतो, हळूच सुचवतो. स्किपची जागा मी एखाद्या उत्साही, मोठ्या आवाजाच्या नवख्याला देतो. दिशा दाखवायला त्याला फार काही यावे लागत नाही, आणि जबाबदारी मिळाल्याने तो खेळात गुंतून जातो. लीडची जागा संकोची माणसाची. पहिला चेंडू टाकताना समोर काहीच नसते, काही बिघडवण्याची भीती नसते, आणि त्याचा चेंडू जवळ पडला तर पूर्ण एंडभर सगळे त्याच चेंडूविषयी बोलत राहतात.

गुण मोजण्याची पद्धतही थोडी बदला. नेहमीच्या मोजणीत एका एंडला पाच-सहा गुण जाऊ शकतात, आणि दुसऱ्याच एंडला असे झाले की मागे पडलेल्या संघाचा रस संपतो. त्याऐवजी प्रत्येक एंड जिंकणाऱ्याला एकच गुण द्या. दोन्ही बाजूंचे सर्वांत जवळचे चेंडू सारख्याच अंतरावर असतील तर अर्धा-अर्धा. चार एंडचा पहिला डाव, मग खाण्याची सुट्टी, मग चार एंडचा दुसरा डाव वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी. अशाने कोणताही संघ शेवटच्या एंडपर्यंत शर्यतीबाहेर जात नाही, आणि दुपारभरात प्रत्येकाची निदान आठ जणांशी जवळून ओळख होते. बक्षीस हवेच असेल तर ते खाण्याचेच ठेवा. इथे कितीतरी घरांच्या मागच्या अंगणात लिंबाचे झाड असते. शेजाऱ्यांच्याच झाडाच्या लिंबांचे तुम्ही घातलेले लोणचे विजेत्या संघाला दिले, तर ते चषकापेक्षा जास्त दिवस आठवणीत राहील.

मुलांसाठी आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी अंतर व साधने बदलायला संकोच करू नका. नियमानुसार जॅक मॅटपासून निदान २३ मीटर गेला पाहिजे. सात वर्षांच्या मुलाला एवढ्या लांब चेंडू टाकणे जमत नाही. सगळ्यांच्या संमतीने पुढे एक दुसरी मॅट ठेवा आणि मुलांना तिथून टाकू द्या. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी बोलिंग आर्म नावाची दांडी असते, तिच्या टोकाला चेंडू धरून उभ्यानेच सोडता येतो; स्पर्धांतही तिला मान्यता आहे. ती क्लबात असते का हे आधी विचारा आणि ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांना ती सगळ्यांदेखत नव्हे, सुरुवातीलाच बाजूला नेऊन दाखवा. चाकाच्या खुर्चीवरचे कुणी येणार असेल तर हिरवळीवर उतरायचा उतार आहे का, तेही विचारून ठेवा.

सुरक्षिततेचा एक नियम मात्र मी कठोरपणे पाळतो: जोरात मारलेला चेंडू त्या दिवशी बंद. मांडणी उधळण्यासाठी वेगाने चेंडू मारणे हा खेळाचा वैध भाग आहे, पण आजूबाजूला अनवाणी मुले असताना दीड किलोचा चेंडू वेगाने सुटणे धोक्याचे आहे. येणारा चेंडू पायाने अडवायचा नाही, हेही पहिल्याच पाच मिनिटांत सांगा. पादत्राणे सपाट तळव्याची हवीत, नाहीतर अनवाणी खेळावे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी इथे अनवाणी खेळण्याची पद्धत रूढच आहे. बाकी शिष्टाचार थोडा आहे: आधी आणि नंतर हस्तांदोलन, दुसरा मॅटवर असताना शांतता, शेजारच्या रिंकवरून चालत न जाणे, आणि दोन्ही संघांचे गुणांवर एकमत होईपर्यंत एकाही चेंडूला हात न लावणे. अंतर डोळ्यांना कळत नसेल तेव्हा फीत काढावी लागते. ती फीत मुलांच्या हाती द्या. दोन चेंडूंत दोन मिलिमीटरचा फरक शोधण्यासाठी सात वर्षांचे मूल आणि सत्तर वर्षांचे आजोबा हिरवळीवर गुडघे टेकून बसले की बाकीचे आपोआप भोवती जमतात.

इथवरचे एकत्र सांगायचे तर: तिघांचे मिश्र संघ, अनुभवी माणूस मॅटपाशी, संकोची माणूस लीड, चार-चार एंडचे दोन डाव, एंडला एक गुण. वेळ साधारण अशी बसते: तीनला शिकवणे, साडेतीनच्या आत पहिला डाव, सव्वाचारच्या सुमारास खाणे, पाचला दुसरा डाव, सहाच्या आधी शेवटचा चेंडू. मार्चच्या मध्यात मेलबर्नमध्ये सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे नंतर बसायला भरपूर उजेड राहतो.

खाण्याविषयी माझे पहिले सांगणे त्याच्या वेळेविषयी आहे. सगळे जेवण शेवटी ठेवले तर लहान मुलांची घरे निम्म्यातच निघून जातात, आणि भरपेट जेवण मध्येच दिले तर दुसऱ्या डावाला कुणी उठत नाही. म्हणून घरून आणलेले हलके पदार्थ मधल्या सुट्टीत, एका लांब टेबलावर, आणि गरम बार्बेक्यू दुसरा डाव संपता संपता. दुपारच्या चहाला मध्ये थांबणे ही या खेळाची जुनी रीतच आहे, त्यामुळे क्लबातही ते कुणाला वावगे वाटणार नाही. मधल्या सुट्टीत संघांना एकत्र बसवू नका. ज्यांच्याशी पुढचा डाव खेळायचा आहे त्यांच्यासोबत बसवा. दुसरा डाव सुरू होतो तेव्हा ते अनोळखी राहिलेले नसतात.

दुसरे सांगणे अन्न सुरक्षित ठेवण्याविषयी. इथे पाळला जाणारा दंडक साधा आहे: पाच अंशांच्या खाली गार किंवा साठ अंशांच्या वर गरम, आणि मधल्या तापमानात अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहिले तर ते परत फ्रिजमध्ये ठेवायचे नाही, चार तासांनंतर टाकून द्यायचे. हा वेळ सगळा मिळून धरायचा असतो, घरून येतानाची गाडीतली वाटही त्यात आली. म्हणून तीन वाजता आल्या आल्या टेबल मांडू नका. पदार्थ बर्फाच्या पेटीत राहू द्या आणि सव्वाचारलाच बाहेर काढा. भाताबाबत विशेष जपा. मसालेभात तासन्‌तास कोमट ठेवणे धोक्याचे असते. तो वाफाळता ठेवण्याची सोय नसेल तर तो घरीच राहू द्या, किंवा त्याऐवजी बर्फावर ठेवलेला दहीभात न्या.

तिसरे सांगणे मराठी स्वयंपाकघरापुरते आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपण शेंगदाण्याचे कूट इतक्या सहजपणे घालतो, की ते पदार्थात आहे हे आपल्याला सांगण्यासारखे वाटत नाही. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, दडपे पोहे, भेळ, कितीतरी चटण्या, या सगळ्यांत ते असते, आणि शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या मुलाच्या ते जिवावर बेतू शकते. तीळ, काजू आणि दूध यांचेही तसेच. बाजारात मिळणाऱ्या पुडीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे गहू न चालणाऱ्याला बेसनाची वडीसुद्धा चालेलच असे नाही. आठवडाभर आधी अकराही घरांना विचारा की कुणाला काय चालत नाही. एका जरी घरात शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर त्या दिवशी तो कुणीच आणू नये, चिठ्ठी लावून भागवू नये, कारण चमचे एका भांड्यातून दुसऱ्यात जातातच. तसे कुणी नसले तरी प्रत्येक पदार्थापुढे नाव आणि मुख्य घटक लिहिलेली चिठ्ठी असावी. ती बोलायला निमित्तही देते.

पदार्थ कोणते न्यावेत? एका हाताने खाता येणारे, रस न गळणारे, गार झाले तरी चवीला उतरणारे. कोथिंबीर वडी, सुरळीच्या वड्या, शंकरपाळे, नारळाच्या वड्या उत्तम. बटाटेवडे सर्वांना आवडतात, पण गार झाल्यावर ते जड होतात. नेणारच असाल तर क्लबाच्या परवानगीने तिथे गरम करा. तिखटाची चिंता तुम्ही करता आहात तेवढी नको. पदार्थ बेताचा तिखट करा आणि हिरवी चटणी वेगळ्या वाटीत ठेवा. ज्याला हवे तो घेईल. आपली चव झाकण्यासाठी सँडविच नेऊ नका. प्रत्येक घर स्वतःचे आवडते घेऊन येते तेव्हाच असे टेबल भरल्यासारखे दिसते. खाऊन झाल्यावर सर्वांनी हात साबणाने धुऊन पुसावेत असा आग्रह धरा. तेलकट बोटांतून चेंडू निसटतो, आणि हिरवळीवर खाणे-पिणे न्यायचे नसतेच, कारण सांडलेले तेल आणि गोड पेय गवत जाळते.

बार्बेक्यूच्या बाबतीत आधीच सांगून ठेवावे की पहिला भाग शाकाहारी भाजला जाईल, नंतर मांसाहारी, आणि चिमटे दोन वेगळे असतील. शेगडीवर अॅल्युमिनियमचा कागद अंथरला की शंकेला जागा राहत नाही. हे मागताना संकोचू नका, पण त्या दिवशी ऐनवेळी मागू नका. आधी सांगितले तर शेजारी आनंदाने सांभाळतात, शेगडी पेटल्यावर सांगितले तर त्यांची धावपळ होते. श्रीलंकन कुटुंब किंवा दुसरे कुणी हलाल मांस खाणारे असेल तर तेही याच वेळी विचारून घ्यावे. तुमच्याकडून या वेळी मक्याची कणसे असू द्या. भाजलेल्या कणसावर लिंबाच्या फोडीने तिखट-मीठ चोळून दिले की ग्रीक आजोबांपासून लहान मुलांपर्यंत सगळे पुन्हा मागायला येतात, आणि भाजणाऱ्याजवळ गप्पांचा घोळका आपोआप तयार होतो. सामन्यानंतर समोरच्या संघातल्या आपल्याच जागेवरच्या खेळाडूला एक पेय देण्याची रीत पुष्कळ क्लबांत आहे. लीड लीडला, स्किप स्किपला. मद्य घेत नसाल तर लिंबू-सोडा घ्या आणि द्या, त्यात काही कमीपणा नाही.

राहता राहिले हवामान. मार्चमध्येही इथले ऊन त्वचेला लागते. व्हिक्टोरियात ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत टोपी आणि सनस्क्रीन वापरायला सांगतात, तेव्हा पिण्याच्या पाण्याबरोबर एक मोठी सनस्क्रीनची बाटली टेबलावर ठेवा. पाऊस आला आणि हिरवळ बंद झाली तर कार्यक्रम रद्द करू नका. क्लबाच्या सभागृहात टेबल मांडता येईल का हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा आणि सामन्यासाठी दुसरी तारीख राखून घ्या. घरोघरी निरोप देण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असू द्या, आणि सकाळी दहापर्यंत निर्णय कळेल असे सर्वांना आधीच सांगा, म्हणजे वड्या तळायला घ्यायच्या की नाही हे प्रत्येक घराला वेळेत ठरवता येईल. हिरवळ गवताची आहे की कृत्रिम हे कळले, आणि येणाऱ्यांची वयांसकट यादी नक्की झाली, की ती इथे द्या. कुणाला कोणत्या संघात आणि कोणत्या जागी ठेवावे याचा कच्चा तक्ता मी करून देईन.